शब्दकोश उघडणाऱ्या मॅडम

"मॅडम, तुम्हाला खरंच इंग्रजी येतं का?"

पैज मैत्रिणींची, तोंड माझं. आमच्या इंग्रजीच्या मॅडम शिकवता शिकवता मध्येच थांबतात आणि सगळ्यांदेखत जाडजूड शब्दकोशात शब्द शोधतात. ज्याला येतं तो शोधत बसत नाही, असं आमचं ठाम मत. म्हणून माझी मैत्रीण चिमणी म्हणाली होती, "विचारून दाखव, महिनाभर तुझी प्रयोगवही मी लिहीन."

मॅडमनी चष्मा काढला. म्हटलं, आता आपली वरात मुख्याध्यापिकांकडे.

"बत्तीस वर्षं शिकतेय," त्या म्हणाल्या. "अजून बरंच राहिलंय. तुझं काय?"

"मला नाही येत. आमच्या घरात कुणालाच येत नाही."

"आणि येणारही नाही, हे कुणी सांगितलं?"

खरं तर कुणीच नाही. आपला रक्तगट ठाऊक असावा तसं मला ते ठाऊक होतं. मॅडमनी शब्दकोश माझ्या हातात ठेवला. "सोमवारी परत आण."

सोमवारीच पुढच्या वर्षीचा फॉर्मही द्यायचा होता. इंग्रजी सोपं की वरच्या पातळीचं? आईने सोप्यावर पेन्सिलीने खूण करून टाकली होती. "उगाच डोक्याला ताप कशाला, बाळा?" ती मायेनेच म्हणाली, आणि मला हायसं वाटलं.

रविवारी बाबांच्या शिवणाच्या दुकानात कापडाची कड बांधणारं नवं ओव्हरलॉक मशीन आलं. चार दोरे, चार रंग आणि सोबत इंग्रजी पुस्तिका. बाबांनी नेहमीच्या सफाईने सुई ओवली, मग खालचे दोरे. मशीन चालू केलं, दोरा तुटला. पुन्हा ओवले, पुन्हा तुटला. काज करता करता आई म्हणाली, "दादाला येऊ द्या, तो वाचेल." दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आमच्याकडचं सगळं इंग्रजी त्याच्यावर सोपवलेलं, आणि तो येणार आठवड्याने.

"मी वाचते," मी म्हणाले. आई बघतच राहिली.

वाचलं. बाबांनी तसंच केलं. दोरा तुटला.

"बाई, तू काहीतरी गाळलंस," बाबा म्हणाले.

गाळलंच होतं. एका ओळीत तीन अनोळखी शब्द होते. अशा ओळी मी पेपरातही उडी मारून ओलांडते आणि आजूबाजूचं बघून ठोकून देते.

"ती एक ओळ कठीण आहे, बाबा."

"मग तीच वाच. आम्हाला कुठे घाई आहे?"

घरून मॅडमचा शब्दकोश आणला. तीन शब्द शोधायला वीस मिनिटं लागली. पानं उलटताना दिसलं, जागोजागी पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. एकेका शब्दापुढे दोन, तीन, कुठे पाच. मॅडमनी तोच शब्द इतक्या वेळा शोधला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

ओळीचा अर्थ असा होता: सुई सगळ्यात शेवटी ओवा, आधी ओवली असेल तर काढून टाका.

बाबा कपाळाला हात लावून हसले. "तीस वर्षं सुई आधी ओवतोय. हात ऐकतोय होय?" त्यांनी सुईतला दोरा काढला, खालचे ओवले, शेवटी सुई. मशीन धावलं. कापडाची कड अशी सुरेख बांधली गेली की आई काज टाकून बघायला उठली.

"उद्या तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग," बाबा म्हणाले. "आणि दादाला कळव, काम झालं म्हणावं."

घरी जेवायला बसलो. मी फॉर्म आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला.

"आई, तुझी खूण मी खोडलीय. रागावू नकोस. बाबा, इथे सही करा. मी वरचं इंग्रजी घेतेय. कमी मार्क पडतील, कदाचित गटांगळीही खाईन, पण मी तेच घेणार."