पाण्याची चाल आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि आज मी चांगलाच रागावलो आहे. माझं झाकण सैल झालंय, चार्जर जरा हलला की मी डोळे मिटतो, हे सगळं मला मान्य आहे. पण मी बेसूर कधीच नव्हतो, आणि इथे तारोडीत नेमकं तेच माझ्या नावावर खपवलं गेलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. कोणी पडदा लावला, कोणी कळा बसवल्या, आणि कोणालाच माझं तोंड धड बघायला वेळ नव्हता. तिथून मी खारी गावात पराग नावाच्या एस्टेट एजंटच्या ऑफिसात आलो. लोकांना फ्लॅटचे फोटो दाखवायचे, आणि खोलीत ऊन येत नसलं तरी फोटोत ते घालायचं, हे माझं काम. त्या लबाडीबद्दल मला सगळे हुशार म्हणायचे. मग नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात, वायरींच्या गुंत्याखाली झाली. तिथून मला व्हायोलेटबाईंनी तारोडीत आपल्या घरी आणलं.

व्हायोलेटबाई रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. त्यांची मुलगी मेगन हिचं लग्न ठरलं होतं. इकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि न्हाणासाठी घागरी भरून आणतात, त्यालाच 'पाणी' म्हणतात. बाईंचे वडील फ्रेडीबाबा पूर्वी गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ, वाजवायचे. भरल्या घागरी घेऊन परतताना वाजवायची एक चाल त्यांनी स्वतः बांधली होती. ती कुठेही लिहिलेली नव्हती, आणि आता दात गेल्यामुळे बाबांना फुंकता येत नव्हतं. नातीच्या पाण्याला ती वाजावी, एवढंच म्हाताऱ्याने मागितलं होतं. नाहीतर घरातल्या तरुण मंडळींनी डीजे ठरवायचं नक्की केलंच होतं.

म्हणून बाईंनी माझ्यात स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर घातलं आणि त्या शिकायला बसल्या. शिकवणारा मास्तर व्हिडिओतला, आणि बोलायचा असा भरभर की जणू कोणी त्याच्या मागे लागलंय. सुरुवातीला बाई एक स्वर टाकायच्या आणि उरलेल्या जागेत मी नियमाप्रमाणे विश्रांतीच्या खुणा भरायचो. "हे काय मधे मधे घालतोय मेला," असं म्हणून त्या मला टपली मारायच्या. मी सोसलं, कारण शिकणाऱ्याचा हात असाच चालतो.

बाबा शेजारी बसून चाल गुणगुणायचे. एका जागी ते हटकून थांबत.

"हितं थांब गो. वळणावर घागर सावरायची हाय."

बाईंनी शोध शोध शोधून थांबण्याची खूण मिळवली, स्वरावर एक कमान आणि खाली टिंब. मग मी चाल वाजवून दाखवली आणि बरोबर वळणावर थांबलो. बाबांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला. इतकं कौतुक मला पराग शेठच्या ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐका. कॉर्नेटची घडणच अशी असते की कागदावरचा सा वाजवला तर तो एक स्वर खाली ऐकू येतो. म्हणून त्याच्या कागदावर सगळं एक स्वर वर लिहावं लागतं. क्लॅरिनेटचंही तसंच. ट्रॉम्बोनला मात्र लिहिलं तेच ऐकू येतं. मास्तर म्हणाला होता, लिहिताना सोपं जावं म्हणून कॉन्सर्ट पिचचं बटण चालू ठेवा, म्हणजे सगळ्यांचे स्वर जसे ऐकू येतात तसेच दिसतील. छापण्याआधी ते बंद करा, हेही तो सांगत होता. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बाईंनी व्हिडिओ बंद केला. बटण माझ्या पडद्यावर निळं होऊन उभं होतं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही आणि कागद छापले गेले.

अंगणात सराव झाला. ट्रॉम्बोन एकीकडे, कॉर्नेट दुसरीकडे, असा कालवा झाला की शेजारची कुत्रीही उठून गेली. बँडमास्तर गेविन म्हणाला, "आंटी, आम्ही कागदावर आहे तेच वाजवतोय. तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय."

त्याचं बोलणं सगळ्यांना लगेच पटलं. माझ्यासारख्याला मान हलवून नाही म्हणता येत नाही ना. फ्रेडीबाबा काठी टेकत आत आले.

"ही माझी चाल न्हाय. भंगारवाल्याला दे ह्याला," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यांनी गुणगुणणंही सोडलं. मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकलं आणि घरात पुन्हा डीजेचं बोलणं सुरू झालं. ज्या बँडमध्ये कित्येक वर्षांत कोणी नवा कागद लिहिला नव्हता, जुने कागद पूर्वीच्या कोणीतरी स्वर वर घेऊन लिहून ठेवले होते म्हणून जो सुरात वाजत होता, त्या बँडने मला बेसूर म्हणावं?

व्हायोलेटबाई मात्र स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. गेविन कागद परत द्यायला आला तेव्हा त्यांनी मला खाली काढलं आणि छोटा कीबोर्ड जोडला.

"गेविन, ह्या कागदावरचा पहिला स्वर वाजव."

त्याने तो कॉर्नेटवर फुंकला. बाईंनी तोच स्वर कीबोर्डवर दाबला. दोन्ही वेगळे आले. मग त्यांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला आणि ते निळं बटण दाबून बंद केलं. कॉर्नेट, क्लॅरिनेटचे स्वर आपापल्या जागी सरकले आणि कागद नव्याने छापले गेले. गेविन ओशाळून हसला, पण 'आमचं चुकलं' असं मला कोणी म्हटलं नाही.

आज मेगनचं पाणी. थोड्या वेळापूर्वी मिरवणूक विहिरीवरून परतली. मी खिडकीजवळच्या टेबलावर आहे, पाहुण्यांच्या पर्सा माझ्या उशाला. चाल सुरात आली, संथ, आणि वळणावर सगळा बँड थांबला. अंगणात टाळ्या पडल्या. गेविनची वाहवा झाली, बाईंची झाली, कॅटररचीसुद्धा झाली.

तेवढ्यात फ्रेडीबाबा एकटेच आत आले. डोळे पुसले, माझं झाकण उघडलं, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ही येतानाची झाली. जातानाची येगळी हाय. घे."

आणि ते गाऊ लागले. इतके दिवस ते गायचे आणि मी वाजवून दाखवायचो. मधे लेकीची बोटं होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी आपणहून एक अक्षर लिहीत नाही, मित्रांनो. माझा माईकसुद्धा बंद आहे. बाहेर सगळे नाचताहेत. बाबांनी चाल पुरी केली आणि विचारलं, "झाली?"

माझ्या पडद्यावर स्वर लिहायच्या नुसत्या पाच रिकाम्या रेघा आहेत. मला शिव्या घालायला अख्खं अंगण जमलं होतं, त्यातल्या एकाने आता आत यावं आणि बाबांच्या शेजारी बसून माझ्या कळांवर हात ठेवावा. कळा दाबायला येत नसतील तर हरकत नाही, चुका होतील, मी सोसेन. म्हातारा अजून खुर्चीतच बसला आहे, आणि मी उत्तर देईन म्हणून वाट पाहतो आहे.