हिरव्या ठिपक्यांचा पाचवा महिना

टक्.

मिश्रीच्या डबीचं झाकण उघडलं आणि दुपारची शांतता मोडली. हायवेवरची घरघर सीमेवरच्या अच्छाड गावात कोणी आवाजात धरत नाही. आवाज म्हणजे सासूबाईंची डबी. बुधीबाई उठल्या, म्हणजे शितलची चोरलेली दुपार संपली.

तांदळाच्या पिंपावर ठेवलेला लॅपटॉप तिने मिटला नाही. एक पेशी राहिली होती.

कॉलेजातल्या मैत्रिणीने मिळवून दिलेलं हे काम. लांब कुठल्याशा प्रयोगशाळेत जन्माआधीच्या मेंदूचे कागदाहून पातळ काप करतात आणि त्यांचे फोटो काढतात. ऑटिझमशी संबंध असलेली शेकडो जनुकं त्या वाढत्या मेंदूत कुठे जागी होतात, कुठल्या आठवड्यात होतात, त्याचा नकाशा करायचाय. जागं झालेलं जनुक फोटोत हिरवा ठिपका होऊन दिसतं. शितलने प्रत्येक पेशीभोवती कुंपण घालायचं; कुठल्या कुंपणात किती ठिपके, ते कॉम्प्युटर मोजतो. एवढा शहाणा कॉम्प्युटर, पण चिकटून बसलेल्या दोन पेशींची हद्द त्याला धड कळत नाही. बांधाच्या भांडणात वाढलेल्या बाईला बरोबर कळते.

हे मेंदू जन्माला न आलेल्या बाळांचे. कुठल्या कुठल्या आयांनी दुःखातही सही करून दिलेले. म्हणून काम सुरू करताना शितल स्क्रीनला हात लावून नमस्कार करायची, आणि मग ओढणीने पुसत विचारायची, भज्यांचे हात कोणी लावले याला.

घरात तिने एवढंच सांगितलं होतं की ऑनलाइन काम आहे. ऑनलाइन म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

जीवन पलंगाखाली होता. सहावं लागलेला तिचा मुलगा. पलंगाखाली त्याचं ऑफिस होतं. कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे लावायचे, हे कामकाज. आणि साहेबाला भेटायला कोणी वाकून बघितलं, तर साहेब भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरांनी त्याला ऑटिझम सांगितला होता. बुधीबाईंचं निदान त्याच्या आधीचं. त्या म्हणायच्या, ग्रहण.

लॉकडाऊनमधल्या एका रविवारी सूर्याला ग्रहण लागलं, तेव्हा शितलला पाचवा महिना होता आणि परसातल्या आंब्याला शेवटच्या कैऱ्या होत्या. सूर्य तिच्या हातात नव्हता, कैरी होती. पोटुशीने ग्रहणात काही कापायचं नसतं. तिने विळी काढली, कैरी चिरली, मीठ लावून उभ्याउभ्या खाल्ली. बुधीबाईंना कोय सापडली. जीवन जन्मला तेव्हा त्यांनी त्याचा ओठ बघितला, कान बघितले, बोटं मोजली. काही चिरलेलं निघालं नाही. मग पोरगा तिसऱ्या वर्षीही कोणाच्या डोळ्यांत बघेना, तेव्हा त्या कैरीची चीर कुठे गेली होती ते त्यांना समजलं.

आता नणंद दक्षा पाचव्यात होती. भिलाडला दिलेली, पहिलटकरीण. रविवारी इथे तिची ओटी भरायची होती.

"जीवाला शनिवारी झाईला सोडून ये," बुधीबाई बोट दातावर फिरवत म्हणाल्या. "सोमवारी आण."

झाईला शितलचं माहेर. पोटुशी बाई जे बघते ते पोटात उतरतं, असं बुधीबाईंचं म्हणणं. पोर माझं हाय, जीव माझा बी तुटतो, पण दक्षूची पहिली वेळ हाय, वगैरे त्या बोलत राहिल्या. शितलला ऐकू येत नव्हतं. मागे चुलत दिराच्या लग्नात आणि त्याआधी पूजेला जीवनला असाच झाईला पाठवला होता. आणि गेल्या महिन्यात शेजारी कुणाच्या तरी मांडवाचे बांबू येऊन पडले, तर हा पठ्ठ्या न सांगता आपली पिशवी घेऊन दारात जाऊन बसला होता. चिमटे भरून.

तिने लॅपटॉप उचलला आणि सासूच्या पुढ्यात ठेवला. आज काय ते होऊन जाऊ दे.

तिने सगळं सांगितलं. हा बाळाचा मेंदू, हा वरचा थर, हे ठिपके. बुधीबाईंनी आधी विचारलं, ही कोबी कोणी कापली. मग चष्मा मागितला. मग बराच वेळ बघितलं.

"हे कितव्या महिन्यात पेटतं?"

"चौथा, पाचवा, सहावा. तेव्हा जास्त."

"आन् कैरी?"

"पाचवा," बुधीबाईंनीच उत्तर दिलं. "बघ. तुझ्या मशिनीला बी कळलं."

विज्ञानावर त्यांचा इतका विश्वास आजवर बसला नव्हता. शेजारच्या हिरूला बोलवून हे दाखवावं, असंही त्यांच्या मनात आलं. शितलने कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे ठिपके सगळ्याच बाळांत पेटतात. तुमच्यात पेटले होते, माझ्यात पेटले होते, ग्रहण असो नसो. मेंदू बांधणारे हे मजूर आहेत; पाचव्यात ते कामावर येतात, एवढंच. एखाद्या पोरात त्यांतला कोणी वेगळ्या हाताचा असतो. पण तो तसा असणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं, कैरीच्या कितीतरी आधी.

"पहिल्या दिवशी कुठनं येतो?"

"कधी नवाच असतो. ना आईचा, ना बापाचा."

इथेच थांबायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती दारातली पिशवी होती.

"आणि कधी घरातूनच येतो," ती म्हणाली. "धाकल्या मामा आठवतात ना?"

धाकल्या हा बुधीबाईंचा पाठचा भाऊ. जन्मभर भात आणि सुका बोंबील, तोही एकाच ताटलीत. ताटली फुटली तेव्हा दोन दिवस उपाशी. तलासरीला थांबणाऱ्या प्रत्येक एसटीचा नंबर पाठ. स्वतःच्या हळदीच्या दिवशी अंगाला हळद तशीच ठेवून डेपोत जाऊन बसला होता, कारण बडोद्याची गाडी यायची वेळ झाली होती. लग्न मोडलं. गाडी वेळेवर आली. लोक म्हणाले, स्वभाव आहे.

"त्यांच्या वेळी कैरी कोणी खाल्ली होती, आई?"

बुधीबाईंचं बोट तोंडातच थांबलं. धाकल्याला त्यांनी कडेवर वाढवलं होतं. शेवटच्या आजारात त्याला भात भरवायलाही त्याच जात.

"धाकल्या शाना होता," त्या हळूच म्हणाल्या.

"जीवन पण आहे."

जिंकल्याची एक गरम लाट शितलच्या अंगातून गेली. ती पुरती ओसरायच्या आतच दारातून आवाज आला.

"वहिनी, मग ते माझ्यात पण असंल ना? मामा तर माझाही."

दक्षा. रविवारची आज गुरुवारीच आली होती. भिलाडला करमेना म्हणून. एक चप्पल पायात, एक हातात, आणि मोकळा हात पोटावर. ती कधीची उभी होती कोणास ठाऊक.

बुधीबाई मोरीत जाऊन चूळ भरून आल्या, लेकीच्या हातातली चप्पल घेऊन खाली ठेवली आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "जीवाला कुठं नेऊ नको. रविवारी इथंच राहू दे." मग चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. शितलला पाहिजे होतं ते मिळालं होतं. असं मिळायला नको होतं.

दक्षा पलंगावर बसली. तपासून कळतं का, तिने विचारलं. शितल घाईघाईने सांगत राहिली, की हा नकाशा तशासाठी नाहीच, कुठे आणि कधी एवढंच त्यात आहे. शेकडो जनुकं आहेत, ठिपका बघून पुढचं पोर कसं निघेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मीही तुझ्यासारखीच होते, मीही काही बघितलं नव्हतं, आणि बघ, किती गोड आहे माझा. ती सगळं खरंच सांगत होती. दक्षा स्क्रीनवरचे ठिपके बघत होती, नजर न हलवता.

तेव्हा ऑफिसातून साहेब बाहेर आले. एक पिवळा चिमटा दक्षाच्या पायाखाली गेला होता. जीवनने तिचा पाय उचलला, चिमटा काढला, पाय होता तसा परत ठेवला. मग उभं राहून तो चिमटा तिच्या पदराला लावला आणि स्क्रीनपुढे गेला. माणसांकडे तो बघायचा नाही, पण ठिपक्यांकडे असा बघत होता जणू ते त्याच्या ओळखीचे आहेत.

"मम्मी, हे काय शोधतात?"

"तू असा मस्त कसा झालास, ते."

त्याला हे पटलं की नाही कळलं नाही. त्याच्या पप्पांचं पंक्चरचं दुकान चेकनाक्याला लागून. रोज संध्याकाळी तो तिथे टायरवर बसून असतो.

"नाक्यावर पण शोधतात," तो ठिपक्यांना म्हणाला. "ट्रकमध्ये काही सापडलं ना, की ट्रक पुढं सोडत नाहीत."

आत चहा उतू गेला. बुधीबाई आतल्या दारातून ऐकत उभ्या होत्या. त्याने दुसरा चिमटा दक्षाफुईच्या पदराला पहिल्याच्या अगदी शेजारी, सरळ रेषेत लावला.

"मम्मी, ह्यांना मी पोटात सापडलो असतो, तर मला पुढं सोडलं असतं?"