पाळीवरची वीतभर जागा

खालच्या टोल्यातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, लटारूच्या बैलाच्या मागच्या पायांच्या शिरा कोणीतरी कुऱ्हाडीनं तोडल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या टोल्यातली दोन घरं जळाली, त्यात एक म्हातारी होरपळली. भांडण तलावाचं होतं. पाणी जास्त तुंबलं की वरच्या टोल्याचं धान बुडायचं. खालच्या टोल्याचं धान त्याच पाण्यावर पिकायचं.

सोमाजी खोब्रागडे चंद्रपूरच्या कॉलेजात गणित शिकवायचा. शहाऐंशीच्या त्या पावसाळ्यात तो पीएच.डी.चं काम घेऊन मुलचेऱ्याजवळच्या आपल्या गावी आला होता. एका प्रश्नाच्या दोन अटी एकदम हाताळता येत नसतील, तर आधी पहिली पाळणारं सर्वांत जवळचं उत्तर घ्यायचं, तिथून दुसरी पाळणारं सर्वांत जवळचं, मग पुन्हा पहिलीकडे वळायचं. अशा येरझारांनी उत्तर कुठे जाऊन थांबतं, हे तो शोधत होता. पाणी किती उंच ठेवायचं आणि कधी सोडायचं, गावाचा प्रश्नही एवढाच होता. त्यानं मध्ये पडायचं ठरवलं.

वरच्या टोल्याचा म्होरक्या मुखरू हा सोमाजीचा लहानपणचा सोबती. त्याचं म्हणणं घेऊन सोमाजी खालच्या टोल्याच्या म्होरक्याकडे, लटारूकडे जाई, लटारूचं घेऊन वर येई. आधी माणसं हातभर सरकली, मग वीतभर, मग बोटभर. शेवटी सरकणं थांबलं. उत्तर सापडलं, असं सोमाजीनं मानलं आणि दोन्ही टोल्यांना तलावाच्या पाळीवर, बांधावर, बोलावलं.

मुखरूनं पाणी सोडायच्या मोरीच्या भिंतीवर कोळशानं रेघ मारली. "इथपर्यंत. याच्यावर नाई."

लटारूनं वीतभर वर दुसरी ओढली. "याच्याखाली पाणी गेलं तर आमी मेलो."

सोमाजीनं दोन रेघांमधली वीत पाहिली. दोघंही थांबले होते खरे, पण आपापल्या कडेला. पावलं लहान होताहेत, एवढंच तो पाहत राहिला होता. मधलं अंतर त्यानं कधी मोजलंच नव्हतं.

"थांबा, भाऊ! माझं चुकलं—"

लटारूच्या पोराची लाठी मुखरूच्या कानशिलावर बसली. मुखरू खाली बसला आणि उठताना त्याच्या हातात कुऱ्हाड होती. सोमाजीनं ती धरायला हात घातला, तर दोन बोटं तुटून चिखलात पडली. पुढचा घाव लटारूच्या मानेत गेला. माणसं एकमेकांना पाण्यात दाबून धरत होती, दगडानं तोंडं फोडत होती. कोणीतरी मोरीची फळी फोडली, आणि अडलेलं पाणी लाल होऊन खालच्या धानातून धो धो निघालं.

लटारू तिथंच गेला. पाणी निघून गेल्यावर खालच्या टोल्याचं पीक वाळलं. मुखरूला पुढे जन्मठेप झाली; साक्ष सोमाजीनं दिली, खरी होती तीच.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर मुखरूच्या बायकोनं, धुरपतानं, सोमाजीला गाठलं. "तुमी काऊन बोलावलं त्याईले एका जागी?"

"मले वाटलं, जुळलं."

ती त्याच्या हाताच्या पट्टीकडे पाहत राहिली. मग पदरानं तोंड पुसून बस धरायला निघून गेली.

हिवाळ्यात सोमाजी पुन्हा कामाला बसला. दोन अटींना सामाईक जागाच नसेल, तर येरझारा घालणाऱ्याला ते लवकर कसं कळावं, एवढाच प्रश्न त्यानं आता हाती घेतला. लेखणी उरलेल्या तीन बोटांत नीट बसत नव्हती.