गुरुवारच्या सुट्टीतली धाप

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. सोमाटण्याजवळच्या एका छोट्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये माझा मुक्काम. हवा दाबून टाकीत भरायची आणि पाइपांतून यंत्रांना पुरवायची, हे माझं काम. माझ्या हवेशिवाय इथला एक स्क्रू पिळला जात नाही. फुशारकी नाही, खरं तेच सांगतो!

जवळच्या बेडसे गावचे गोरखभाऊ मला पहिल्या दिवसापासून सांभाळतात. सकाळी आधी मला नमस्कार, मग चहा. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडते.

पण पुढे मी सारखा धापा टाकू लागलो. विजेचं बिल फुगलं. मालक सीतारामशेठ वैतागून म्हणाले, "म्हातारा लय वीज खातोय. शुक्रवारी भंगारात काढा." गोरखभाऊंचा चेहरा पडला. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं.

"शेठ, गुरुवारी एकदा तपासू द्या," नवी इंजिनिअर उम्मेहानी म्हणाली.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. सगळी यंत्रं बंद होती. तिने मला एकट्यालाच चालू केलं. टाकी भरली, मी थांबलो आणि दोनच मिनिटांत पुन्हा धडधडू लागलो. शेठ बघतच राहिले.

"आज हवा कोणीच वापरत नाही. मग जातेय कुठे?" असं म्हणत तिने पाइपांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. फुगेच फुगे! एकोणीस ठिकाणी हवा गळत होती. काही ठिकाणी तर नुसत्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या.

गोरखभाऊ पुढे आले. "शेठ, म्हाताऱ्याचा दोष न्हाई. पट्ट्या मीच बांधल्या. टोकाच्या यंत्राला हवा पुरंना, म्हनून दर येळी दाब वाढवत गेलो. जेवढा दाब, तेवढी गळती. मीच दमवला वो याला."

शेठनी एका सांध्यावरची पट्टी स्वतः सोडून पाहिली. मग म्हणाले, "भाऊ, सांधे बदला. दाब उतरवा. भंगारवाल्याला मी सांगतो, येऊ नको म्हणून."

पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच परीक्षा झाली. टाकी भरली. पाऊण तास झाला तरी मी गप्प! काय सुख होतं म्हणून सांगू!

मित्रांनो, हवा दिसत नाही, पण ती दाबायला लागणाऱ्या विजेसाठी जळणारा कोळसा खरा असतो. म्हणून यंत्र म्हातारं झालं म्हणण्याआधी जरा त्याच्याकडे कान द्या. उम्मेहानीने माझी गळती शोधली, तिचे उपकार आहेतच. पण पस्तीस वर्षांची अब्रू पणाला लावून "मीच दमवला" म्हणाले ते गोरखभाऊ. त्या एका वाक्यावर मी आज जिवंत आहे.