रोलरवरचा हात

ऑफिसातलं काम अडतं ते अगदी शेवटच्या क्षणी आणि फालतू कारणावरून. इथं अडलं फ्रेमवर. फोटो मोठा, फ्रेम लहान!

क्लबला शंभर वर्षं होत होती. मोठ्या हॉलच्या भिंतीवर क्लबचा इतिहास लावायचं काम कारकुनाच्या गळ्यात पडलं होतं. त्यानंही जीव तोडून केलं. गोल्फचे नऊ होल कधी झाले, अठरा कधी झाले, क्लबहाउसला आग कधी लागली, सगळं शोधलं. कपाटामागं तर घबाडच मिळालं. पहिल्या दिवसाचा फोटो! खुर्च्यांवर सात संस्थापक, उजव्या कडेला उभे अकरा मजूर.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "अहो, ती कडेची माणसं काढा ना. कोण ओळखतंय त्यांना?"

कारकुनाला पटलं. पट्टी ठेवली, कटर फिरवला, चर्र! तुकडा कचऱ्यात. आधी एक कॉपी काढून ठेवावी, एवढं साधं त्याला सुचलं नाही.

चार दिवसांनी माळीकाका आले. चाळीस वर्षं या मैदानावर राबून रिटायर झालेले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पण आले मागच्याच दारानं.

"काका, समोरून यायचं की!"

"पायांना सवय नाही बाबा. नोकरांनी समोरून यायचं नाही, हा इथला नियमच होता." काका खुर्चीच्या टोकावर बसले. "तुला म्हणे पहिल्या दिवसाचा फोटो सापडला. माझे वडील आहेत त्यात, मैदान सपाट करायचा रोलर धरून. मी सहा वर्षांचा होतो, तेव्हा गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. चेहरा आठवायला जातो, तर आरशातला माझाच आठवतो बघ!"

कारकून खुर्चीतून उठलाच.

दारातून ऐकणाऱ्या सेक्रेटरीसाहेबांनी त्याला केबिनमध्ये ओढलं. "वाळवीनं खाल्ला सांगा. विषय संपला."

तो बाहेर आला. "काका, त्या फोटोला वाळवी..." समोर काका चष्मा पुसत होते, नीट दिसावं म्हणून. त्याची जीभ पुढं रेटेना. "नाही काका. मजुरांची कडा मीच कापली. फोटो फ्रेममध्ये बसत नव्हता. तुकडा सोमवारीच कचऱ्याच्या गाडीत गेला."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "मोठी फ्रेम मिळत नव्हती का रे?"

काकांनी हॉलकडं बोट दाखवलं.

"नववा होल संस्थापकांनी घडवला, असं तू भिंतीवर लिहिलंयस म्हणे. अरे, खुर्चीत बसून गवत उगवतं का? नुसता खडक होता तिथं. त्या मजुरांनी तो फोडला, डोक्यावरनं माती वाहिली. ज्यांनी मैदान केलं त्यांना फोटोत कडेला उभं केलं, आणि तू कडाच कापलीस!"

उरलेला फोटो तरी बघू, म्हणून दोघं हॉलमध्ये गेले. काका काचेला नाक लावून उभे राहिले. फोटोच्या अगदी टोकाला रोलरचा दांडा होता. त्यावर मनगटापर्यंतचा एक हात. करंगळी अर्धीच.

"बाबा!" काकांचा आवाज चिरकला. "खडक फोडताना गेली होती ती करंगळी. हाच हात धरून मी इथं यायचो."

कारकुनाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं!

त्या दुपारी तो वही घेऊन काकांसमोर बसला. वडिलांचे साथीदार काकांना आठवत होते, त्यांच्याच हाताखाली ते काम शिकले होते. वडील धरून सात नावं निघाली. चार निघालीच नाहीत. सांगणारं कुणी उरलं नव्हतं. कारकुनानं मोठी फ्रेम आणली. डावीकडं फोटो, उजवीकडं कोरा कागद, त्यावर सात नावं आणि चार मोकळ्या ओळी. नवव्या होलचा मजकूरही बदलला.

"रिकामी जागा बरी दिसते का?" साहेब करवादले.

"नाही दिसत साहेब. म्हणूनच ठेवलीय."

समारंभाच्या दिवशी कारकून काकांचा हात धरून त्यांना समोरच्या दारानं घेऊन आला. काकांनी वडिलांचं नाव वाचलं, काचेवरून त्या हातावर बोट फिरवलं. "चांगलं केलंस," म्हणाले. पण चेहरा काही परत आला नाही, आणि कारकुनाला ते जन्मभर सलणार आहे.

मित्रांनो, आपल्या शाळेच्या, ऑफिसच्या, सोसायटीच्या भिंतीवर असे फोटो असतातच. कडेला उभ्या माणसांची नावं आजच विचारून घ्या, सांगणारं कुणीतरी आहे तोवर. आणि जागा कमी पडली, तर माणसं कापू नका. फ्रेम मोठी आणा!