फिल्टर झटकायची जागा

व्हॅक्यूमचा आवाज बदलला की सुताराला कळायचं. सुरुवातीला तो घोगरा असे, मग चढत चढत शेवटी शिट्टीसारखा बारीक होई. म्हणजे फिल्टर भरला. मोटर फिरतेय, पण पाइपच्या तोंडाशी ओढ उरलेली नाही. सुतार बटण बंद करी, टाकीचं झाकण उघडून फिल्टर काढी आणि मागच्या दारानं अंगणात येऊन तो भिंतीवर आपटी. थप, थप, थप. भुशाचा पिवळा ढग उठे.

त्या आवाजावर शेजारच्या गाळ्यातून पत्रेवाला बाहेर येई. हातात चहाचा मग. आधी वारा कुठून येतोय ते बघून तो त्या बाजूला उभा राही आणि मगच तोंड उघडी.

"काय भुसाशेठ, आज कोणाचं कपाट गिळलंत?"

"जिना आहे. कठड्याचे गज घासतोय."

"मग आख्खा जिनाच हवेत उडवलात की. लोक चढणार कशावरून?"

"तुमच्या पत्र्यावरून चढतील. नाहीतरी दिवसभर बडवून बडवून सपाटच केलेला असतो."

एवढंच. कधी हवेबद्दल, कधी कोणाच्या तरी दुखण्याबद्दल. पत्रेवाल्याचा मुलगा दूरच्या शहरात होता आणि वडिलांना तिकडे बोलवत होता. पत्रेवाला त्याचीही थट्टा करी. "त्याला सांगून ठेवलंय, ज्या दिवशी मी जोडलेला सांधा गळेल त्या दिवशी गाशा गुंडाळून येतो. तोवर मला आजोबा करू नकोस." मग चहा संपे. फिल्टर स्वच्छ होई. दोघं आपापल्या दारानं आत जात. लाकूड कोरडं असेल आणि घासकाम जास्त असेल, तर दिवसातून चार-पाच वेळा असं होई.

गाळ्यांच्या त्या रांगेत एक रीत होती. कोणी ठरवली नव्हती, पण सगळे पाळत. कामाशिवाय दुसऱ्याच्या गाळ्यात पाऊल टाकायचं नाही. करवत फिरत असताना कोणी दारात येऊन हाक मारली आणि मान वळली, तर बोट जातं. रांगेच्या टोकाच्या गाळ्यातल्या माणसाचं तसं गेलंही होतं. बोलायचं तर अंगणात, आणि अंगणात यायला काहीतरी निमित्त हवं. सुताराचं निमित्त फिल्टर होतं.

सुतार गाळ्याच्या वरच्या खोलीत राहत असे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. खोलीत दोन खुर्च्या होत्या, दोन्ही त्यानंच केलेल्या. एकीवर तो बसे, दुसरीवर इस्त्रीचे कपडे असत. रविवारी मुलीचा फोन येई. शनिवारी संध्याकाळी गाळा बंद केल्यापासून तो कोणाशीच बोललेला नसे, त्यामुळे पहिला शब्द घशातून खरवडत बाहेर येई. त्यात खोकला.

"बाबा, हा खोकला अजून तोच आहे?"

"आत्ताच उठलोय, म्हणून."

"अकरा वाजलेत. मास्क लावता का?"

"लावतो की."

तो मास्क लावत नव्हता. चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो खिळ्याला टांगलेला होता, आणि त्यावरही भुसा बसला होता. मुलीला हे न सांगता ठाऊक होतं. बापाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही हेही. तिनं पत्रेवाल्याला फोन लावला.

"काका, ते माझं ऐकायचे नाहीत. दिवसभर ती धूळ झटकत असतात. तुम्हीच काहीतरी करा ना."

पत्रेवाला दुसऱ्या दिवशी पुढच्या दारानं आला. खाकेत जस्ती पत्र्याची गुंडाळी होती, म्हणजे काम होतं.

"तुमच्या यंत्राला सायक्लोन बसवायचाय," तो म्हणाला. "लेकीचा हुकूम आहे. तुम्ही गप्प बसायचं आणि प्लायवूडची एक गोल चकती कापून द्यायची."

कल्पना साधी होती. व्हॅक्यूम आणि पाइप यांच्या मध्ये पत्र्याचा एक शंकू उभा करायचा, निमुळतं टोक खाली. भुशानं भरलेली हवा वरच्या अंगाला कडेनं आत सोडायची, भिंतीला घासून. ती आत गरगरते. जड भुसा भिंतीकडे फेकला जातो, घरंगळत खालच्या पिंपात पडतो. हलकी हवा मधल्या नळीतून वर निघून व्हॅक्यूमकडे जाते. फिल्टरपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. अट एकच. खालची बाजू हवाबंद पाहिजे. शंकूच्या तळाशी सुईएवढं भोक राहिलं तरी तिथून हवा आत घुसते आणि पडणारा भुसा पुन्हा वर उचलते.

पत्रेवाल्यानं पत्रा आखला, कात्रीनं कापला, लोखंडी नळीवर लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत वळवला. सुतारानं चकती कापली, मध्ये भोक पाडलं. दोघांनी एका छताखाली असं काम पूर्वी कधी केलं नव्हतं. सांध्यात सोल्डर भरताना पत्रेवाल्याचा उजवा हात किंचित हलला. त्यानं डाव्या हातानं मनगट धरलं आणि रेघ शेवटापर्यंत नेली. सुतारानं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. रेघ सरळ, चकचकीत उतरली होती.

खाली पिंप म्हणून त्यांनी रंगाची प्लास्टिकची बादली लावली. बटण दाबलं. सुतारानं ओढ तपासायला पाइपच्या तोंडावर तळहात ठेवला, आणि बादली फाटकन आत चेपली. शंकू तिरका झाला. पत्रेवाला दचकून मागच्या फळ्यांवर आदळला.

"अहो, बादली गिळली की तुमच्या यंत्रानं! धन्यासारखंच आहे."

दोघं इतके हसले की सुताराला खोकल्याची उबळ आली आणि त्याला खाली बसावं लागलं. मग एक जुनं लोखंडी पिंप शोधून आणलं, झाकणाला रबराची पट्टी चिकटवली आणि पुन्हा बटण दाबलं. सुतारानं जमिनीवरचा भुशाचा अख्खा ढीग ओढून घेतला. पिंपात सर्र आवाज येत राहिला. फिल्टर उघडून पाहिला तर पांढरा.

"झालं," पत्रेवाला हात पुसत म्हणाला. "आता भिंतीचीही सुटका आणि माझ्या चहाचीही." आणि हत्यारं गोळा करून तो गेला.

व्हॅक्यूमचा आवाज आता बदलत नसे. सकाळी लावला की एकाच सुरात चाले. गाळ्यात प्रकाशाच्या पट्ट्यात पूर्वी धूळ तरंगताना दिसायची, ती दिसेना. खोकला कमी झाला. मुलगी फोनवर खूश झाली. जिन्याचं काम वेळेआधी संपलं, कारण मध्ये थांबायचं कारणच नव्हतं.

पिंप भरलं की ते बाहेरच्या पोत्यात ओतायचं, पण ते आठवड्यातून एकदा, आणि त्याला आवाज नव्हता. सुतार एकदोनदा नुसताच मग घेऊन अंगणात उभा राहिला. भिंतीवर फिल्टर आपटल्याच्या खुणा होत्या, वारा होता, पलीकडून हातोडीचे ठोके येत होते. ठोके थांबले नाहीत. पत्रेवाल्याला कसं कळणार की कोणी बाहेर आलंय? हाक मारावी तर काय म्हणून? काय काम आहे, असं त्यानं विचारलं तर? सुतार चहा गार व्हायच्या आत पिऊन परतला. त्या आठवड्यात तो लाकूडवाल्याशी दोन वाक्यं बोलला आणि एका गिऱ्हाइकाशी मापं. रविवारी मुलीनं विचारलं, "आवाज बसलाय का हो?"

सोमवारी दुपारी त्यानं व्हॅक्यूम बंद केला, एक बारीक खिळा घेतला आणि शंकूच्या तळाशी, सोल्डरच्या रेघेवरच, ठोकला. पकडीनं उपसला. एका भोकानं फारसं काही झालं नाही, म्हणून शेजारी आणखी दोन पाडली. रेघेवर का, तर तिथं ती दिसणार नव्हती. त्याच्या डोक्यात तेवढाच विचार होता. मग तो घासायला बसला. थोड्या वेळानं यंत्राचा आवाज चढू लागला. तो शिट्टीवर येईपर्यंत सुतार थांबला, मग फिल्टर काढून अंगणात गेला.

थप, थप, थप.

पलीकडची हातोडी थांबली. पत्रेवाला बाहेर आला. हातात मग नव्हता.

"हे काय? फिल्टर का भरला?"

"भरला खरा. तुमचं काय चाललंय?"

"माझं राहू दे. बघू."

तो तडक सुताराच्या गाळ्यात शिरला. पिंप सोडवलं, शंकू उतरवला, बॅटरी आत धरून पेटवली आणि बाहेरून बघितलं. सोल्डरच्या चकचकीत रेघेवर प्रकाशाचे तीन ठिपके होते. पत्रेवाल्यानं बॅटरी विझवली, पुन्हा लावली.

"असू दे हो," सुतार म्हणाला. "होतं कधीतरी. चहा घ्या."

"होतं कधीतरी? आजवर माझा एक सांधा गळला नाही." त्यानं उजवा हात समोर धरून पाहिला. "मला वाटलंच होतं. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं टाकी परत आणली. मी म्हटलं, त्यानंच आपटली असेल. भांडलो त्याच्याशी." शंकू खाकेला मारून तो दाराकडे गेला. "दुरुस्त करून आणतो. हे एवढं शेवटचं."

"शेवटचं म्हणजे?"

"पोराला सांगून ठेवलंय ना. माणसानं बोललेलं पाळावं."

सुतार रंध्याच्या बाकापाशी उभा राहिला. अंगणातली थट्टा त्याला आत्ता आठवली. इतक्या वेळा ऐकलेली की ती ऐकूच येईनाशी झाली होती. गप्प बसावं तर माणूस जाणार, तेही स्वतःचा हात बिघडला असं समजून. सांगावं तर कोणत्या तोंडानं? पलीकडून हातोडीचा आवाज येत नव्हता. त्यानं एप्रन काढला, पुन्हा बांधला आणि अंगणातून पत्रेवाल्याच्या मागच्या दाराशी गेला. दाराशी क्षणभर थांबला. हातात काही नव्हतं, ना माप, ना तुटलेली वस्तू. मग आत गेला.

पत्रेवाला स्टुलावर बसला होता. शंकू मांडीवर, आणि त्याचा हात कोपरापर्यंत शंकूच्या आत. सुताराकडे न बघता तो म्हणाला, "आतून कड लागतेय बोटाला."

सुतार उभाच राहिला.

"सोल्डर सुटला तर कड येत नाही. बाहेरून खिळा मारला तर येते. तीनही भोकांना आहे."

"मीच मारला."

"ते कळलं. तुमच्या गाळ्यात दुसरं कोण असतं?" पत्रेवाल्यानं हात बाहेर काढला. "का मारला, ते सांगा."

सुतारानं घसा साफ केला. "फिल्टर भरला की मी बाहेर यायचो."

"मग?"

"आता भरत नाही."

पत्रेवाला त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटकेसारखं काहीतरी आलं आणि लगेच राग.

"अहो, मग हाक मारायची! तोंड आहे ना तुम्हाला? की तेही भुशानं भरलंय? भल्या माणसा, माझ्या सांध्याला खिळा मारलात तुम्ही. पिंपाला मारायचा. पाइप फाडायचा. रबर काढून टाकायचं. सांध्याला?"

"तिथं दिसणार नाही असं वाटलं."

"मी हे इथं आणून ठेवलं आणि आधी पोराला फोन केला. आत हात घातला तो त्यानंतर. म्हटलं, येतो, माझं संपलं."

"मग परत फोन करा. सांगा, चूक झाली."

"काय सांगू? शेजाऱ्याला करमत नव्हतं म्हणून त्यानं खिळे ठोकले?" तो हसला नाही. "सूनबाईनं फोन घेतला लगेच. म्हणाली, बाबा, मागची खोली आजच रिकामी करते. नात मागून ओरडत होती."

शेगडीवर सोल्डर लावायचा तांब्याचा ठोकळा तापत होता. पत्रेवाल्यानं तो उलटवला. त्याच वेळी बाकावरचा फोन वाजू लागला. मुलाचा होता. पत्रेवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं आणि उचलला.

"बोल... हो, ऐकलं... गाडी कशाला, मी येईन ना." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. फोनमधून एका लहान मुलीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. सुतारानं मान खाली घातली. जमिनीवर पत्र्याच्या बारीक कातरणी पडल्या होत्या. "नाही रे," पत्रेवाला शेवटी म्हणाला. "बेत बदलत नाही आता. येतो म्हटलं ना. हात तसाही हलतोच."

फोन ठेवून तो उठला. फाइलनं तिन्ही भोकांच्या आतल्या कडा घासल्या, सोल्डर नीट धरावा म्हणून बाहेरून फ्लक्स लावला.

"महिनाअखेरपर्यंत आहे मी इथं," तो म्हणाला. "या गाळ्यात काय काय पडलंय, बघताय ना. एकट्यानं उपसणार नाही."

"येतो ना."

"काम आहे म्हणून येताय, लक्षात ठेवा."

"हो."

"आता हा धरा. दोन्ही हातांनी. आणि मी सांगेपर्यंत हलवू नका."

सुतारानं शंकू छातीशी धरला. पत्रेवाल्यानं डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि ठोकळा पहिल्या भोकाशी टेकवला. सोल्डर वितळून पसरला. पत्रा गरम झाला, चटका बसायला लागला. दुसरं भोक. तिसरं. सोल्डर घट्ट होताना हलला तर सांधा कच्चा राहतो, हे सुताराला ठाऊक होतं. तो श्वास रोखून उभा राहिला, पत्रेवाला म्हणेपर्यंत.

"झालं," पत्रेवाला म्हणाला.

सुतार तरी थोडा वेळ तसाच धरून उभा होता.