माणसांसकट

वजनकाट्याच्या लोखंडी पत्र्यावर नवी व्हॅन उभी करून मुकादमाने हँडब्रेक ओढला आणि तो काटेवाल्याच्या तोंडाकडे पाहू लागला. मागे शटर बसवणारी टोळी दाटीवाटीने बसली होती आणि तिच्या पाठीमागे शिड्या, वेल्डिंगचे यंत्र व गुंडाळलेले नवे शटर.

"जास्त भरतंय," काटेवाला म्हणाला. "एका माणसाएवढं. तेही खात्यापित्या घरच्या."

हशा पिकला. सर्वांच्या माना मागच्या दाराकडे वळल्या. तेथे गुडघे छातीशी घेऊन डोंगर बसला होता. डोंगर हे टोळीने ठेवलेले नाव. मुकादमाचा तो दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा.

मालक खिडकीशी आला.

"हजार किलोची पुरते म्हणालास ना तू?"

दोन गाड्यांपैकी एक निवडण्याचे काम मालकाने विश्वासाने मुकादमावर सोपवले होते. त्याने सामानाचा भार जोखला, तथापि गाडीची भारक्षमता माणसांसकट धरतात, ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनी नव्हती. शिवाय मोठी गाडी त्याच्या गल्लीत वळली नसती, आणि मालकाची गाडी आपल्या दाराशी उभी राहावी, ही त्याची फार दिवसांची मनीषा होती.

"गाडी बरोबर आहे मालक," तो म्हणाला. "आमचे दाजीच जरा जास्त भरतात."

पुन्हा हशा झाला. सर्वांत मोठ्याने डोंगरच हसला. या वयात दुसरी टोळी आपल्याला उभे करणार नाही, हे तो जाणून होता.

"करतो कमी," तो म्हणाला. "थोडे दिवस द्या, मालक."

मग डोंगर दुपारी डबा उघडेनासा झाला. तो पाणी पिऊन फळकुटावर बसे आणि इतरांच्या घासाकडे पाठ करी.

"दाजी, वास घेऊ नका," वेल्डर म्हणे. "वासानंही अंग धरतं."

एके दिवशी बहीण मुकादमाच्या दाराशी आली. व्हॅनला वळसा घालून तिला आत यावे लागले.

"हे जेवत नाहीत रे. विचारलं तर नुसते हसतात. कामावर काही झालंय का?"

"काही नाही ताई. वय झालं की भूक मरते माणसाची."

ती आल्या पावली व्हॅनला अंग घासत निघून गेली.

पुढच्या खेपेस काटा बरोबर भरला. टोळीने टाळ्या वाजवल्या. मालकाने डोंगराची पाठ थोपटली, आणि हाडे लागताच हात आवरता घेतला.

त्याच दिवशी कापडाच्या एका दुकानाचे काम होते. जुने शटर उतरले. नव्या शटरचा लोखंडी रूळ शिडीवर उभे राहून खांद्यावर तोलून धरायचा आणि बोल्ट आवळले जाईपर्यंत हलायचे नाही, हे काम वर्षानुवर्षे डोंगराचे. तो चढला. त्याने रूळ खांद्यावर घेतला. वेल्डर वर पाना फिरवीत असता शिडी थरथरू लागली. खाली असलेल्या मुकादमाने ती घट्ट धरली, पण थरथर शिडीची नव्हती. रूळ निसटला आणि पायरीची फरशी फुटली.

मालकाने मुकादमाला बाजूला घेतले. त्याचा आवाज चढला नाही.

"याला ठेवला होता कशासाठी?"

"अंगासाठी," मुकादम म्हणाला.

"मग? उद्यापासून दुसरा बघ. तू सांग त्याला, तुझा पाहुणा आहे."

संध्याकाळी दुकानदार जुने शटर घेऊन जा म्हणाला. टोळीने ते व्हॅनमध्ये लोटले. डोंगराने खांदा लावला, मग कपडे झटकून तो आपल्या जागेकडे वळला. त्या जागेवर शटरचे टोक आले होते.

"दाजी," आरशात पाहतच मुकादम म्हणाला, "गाडी भरली."

"मी बसलो तर?"

"जास्त होईल."

आत कोणी हसले नाही. वेल्डर आपल्या नखांकडे पाहत होता.

"आजच्यापुरतं ना?"

मुकादमाने किल्ली फिरवली. "उद्याही भरलेलीच असेल."

डोंगराने समजूतदारपणे मान डोलावली.

"मग सावकाश ने. दार नीट बसत नाहीये," तो म्हणाला आणि अंगात उरले होते तेवढे वजन टाकून त्याने ते बाहेरून लावले.